अपोफिस, १३ एप्रिल २०२९: पृथ्वीजवळून जाताना कक्षा किती आणि कशी वळेल? (हाताने आणि संगणकावर गणित)

अपास्त

९९९४२ अपोफिस हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ३८,००० किमीवरून जाणार आहे. आपल्याकडे तेव्हा १४ तारखेची पहाट असेल, सव्वातीनचा सुमार. लघुग्रहाचा व्यास साधारण ३४० ते ३७५ मीटर. भूस्थिर उपग्रह केंद्रापासून ४२,१६४ किमीवर फिरतात, म्हणजे हा त्यांच्याही आतून जाईल. धडक होणार नाही, हे पक्कं झालेलं आहे. पण या एका भेटीत त्याची सूर्याभोवतीची कक्षा कायमची बदलेल, आणि तो बदल बारावीच्या गणितात बसतो. म्हणून हा धागा.

लागणारे आकडे तीनच:

अ = पृथ्वीच्या केंद्रापासूनचं सर्वांत कमी अंतर = ३८,०१२ किमी
व = पृथ्वीपासून खूप लांब असतानाचा, पृथ्वीच्या सापेक्ष वेग = ५.८४ किमी/सेकंद
म्यू = पृथ्वीचं वस्तुमान गुणिले गुरुत्व स्थिरांक = ३,९८,६०० (किमी³/सेकंद²)

पृथ्वीच्या सापेक्ष त्याचा मार्ग अपास्ताचा (hyperbola, दोन्ही टोकांना उघडा वक्र) असतो. त्याची उत्केंद्रता (वक्र किती उघडा आहे त्याचं माप) = १ + (अ × व² ÷ म्यू). इथे व² = ३४.१, म्हणून उत्केंद्रता = १ + ३.२५ = ४.२५.

वळण्याचा कोन काढायचा तर अर्ध्या कोनाची साइन = १ ÷ उत्केंद्रता = ०.२३५. म्हणजे अर्धा कोन १३.६ अंश, पूर्ण वळण २७.२ अंश.

वेगातला सदिश (दिशेसह मोजलेला) बदल = २ × व × साइन(अर्धा कोन) = २ × ५.८४ × ०.२३५ = सुमारे २.७५ किमी/सेकंद.

जवळ असतानाचा वेग हवा असेल तर व² मध्ये २ × म्यू ÷ अ मिळवा: ३४.१ + २०.९७ = ५५.१, वर्गमूळ ७.४२ किमी/सेकंद.

पावणेतीन किमी/सेकंद, तेही इंधनाचा थेंब न जाळता. हे गणित इतक्या कमी ओळींत सुटतं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

दशमान

छान मांडलंय. हे गणित करताना दोन चुका हमखास होतात, त्या इथेच नोंदवून ठेवतो.

पहिली: बातम्यांमध्ये "३२,००० किमी" येतं. ते पृष्ठभागापासूनचं अंतर आहे (३८,०१२ मधून ६,३७८ वजा). सूत्रात केंद्रापासूनचंच अंतर लागतं. ३२,००० घातलंत तर वळण ३१ अंश येईल. आकडा विश्वासार्ह दिसतो, म्हणूनच ही चूक पकडता येत नाही.

दुसरी: "व" च्या जागी ७.४२ घालणं. तो सर्वांत जवळचा वेग आहे, दूरचा नाही. तसं केलं तर उत्तर १८ अंशांच्या आसपास येतं. दूरचा वेग म्हणजे पृथ्वीच्या ओढीने भर घालण्याआधीचा वेग.

सांजतारा

एक शंका आहे. अपास्ताच्या मार्गावर आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा वेग सारखाच असतो ना? ५.८४ ने आला, ५.८४ ने गेला. मग कक्षा बदलते कशी? ऊर्जा तर तेवढीच राहिली.

कक्षाधर

सांजतारा, पृथ्वीवर बसून पाहिलं तर तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. फक्त दिशा बदलते. पण कक्षा सूर्याभोवतीची आहे, तेव्हा हिशोब सूर्यावर बसून करायला हवा.

सूर्याच्या सापेक्ष वेग = पृथ्वीचा वेग + लघुग्रहाचा पृथ्वीच्या सापेक्ष वेग. दोन्ही सदिश. पृथ्वीचा वेग त्या दिवशी सुमारे २९.७ किमी/सेकंद. त्यात ५.८४ चा बाण एका दिशेने जोडला तर एक बेरीज येते आणि तोच बाण २७ अंश फिरवून जोडला तर दुसरी. अपोफिसच्या बाबतीत पहिली बेरीज साधारण २८.४ आणि दुसरी साधारण ३१ किमी/सेकंद. सदिश बदल २.७५ होता आणि सूर्यसापेक्ष वेगातली वाढ २.६ ते २.७ आहे. म्हणजे जवळजवळ सगळा बदल पृथ्वीच्या चालीच्या दिशेनेच पडतो.

हे ताळून बघायचं असेल तर वेग² = (सूर्याचा म्यू) × (२/अंतर − १/अर्धदीर्घ अक्ष) हे सूत्र वापरा. आज अर्धदीर्घ अक्ष (लंबवर्तुळाच्या लांब व्यासाचा अर्धा भाग) ०.९२२ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) आहे, भेटीनंतर तो सुमारे १.१ होईल. आवर्तकाल ३२४ दिवसांवरून सव्वाचारशे दिवसांच्या जरा खाली जाईल. आज अपोफिस अ‍ॅटेन गटात मोडतो (वर्षाहून कमी आवर्तकाल). त्या पहाटेनंतर अपोलो गटात मोडेल.

नियम असा लक्षात ठेवा: लहान वस्तू ग्रहाच्या मागून गेली तर ग्रह तिला पुढे ओढतो आणि तिची सूर्यसापेक्ष ऊर्जा वाढते. पुढून गेली तर मागे ओढतो आणि ऊर्जा घटते.

ही ऊर्जा येते पृथ्वीच्या खात्यातून. अपोफिसचं वस्तुमान अंदाजे ६ × १०^१० किलो, पृथ्वीचं ६ × १०^२४ किलो. गुणोत्तर १०^१४ ला १. पृथ्वीच्या वेगात फरक पडेल तो सेकंदाला २.७ × १०^−११ मीटर. वर्षभरात साठून एक मिलिमीटरसुद्धा होत नाही.

रेवती२७

इतक्या जवळ येतो तर पृथ्वी त्याला पकडून का ठेवत नाही? "छोटा चंद्र" अशा बातम्या मधूनमधून येतात, ते काय असतं मग?

घनमूळ

पकडायचं तर ऊर्जा काढून घ्यावी लागते. फक्त पृथ्वी आणि लघुग्रह असे दोघेच असतील तर ते शक्य नाही: जो अपास्ताने आला तो अपास्तानेच जाणार. ३८,०१२ किमीवर मुक्तिवेग (पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग) ४.५८ किमी/सेकंद आहे आणि अपोफिस असेल ७.४२ वर. फरक फार मोठा आहे.

तात्पुरती पकड होते ती तिसऱ्या वस्तूच्या, म्हणजे सूर्याच्या मदतीने, आणि तीही दूरचा वेग अगदी कमी असेल तरच: सेकंदाला एक किमीच्या आसपास किंवा त्याहून कमी. अशा वस्तूंच्या कक्षा मुळातच पृथ्वीच्या कक्षेसारख्या असतात. २००६ आरएच१२० ही वस्तू २००६ च्या उत्तरार्धापासून २००७ च्या मध्यापर्यंत पृथ्वीभोवती फिरली. २०२४ पीटी५ ची बातमी २०२४ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर दरम्यान गाजली, पण तिने पूर्ण फेरी घातली नव्हती. पृथ्वीच्या सापेक्ष ऊर्जा काही काळ ऋण झाली, एवढंच. म्हणून तिला चंद्र म्हणताना मी हात आखडता घेईन.

ग्रहाच्या सत्तेची हद्द म्हणून हिल त्रिज्या वापरतात: ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर × घनमूळ(ग्रहाचं वस्तुमान ÷ सूर्याच्या वस्तुमानाची तिप्पट). पृथ्वीसाठी सुमारे १५ लाख किमी, गुरूसाठी सुमारे ५.३ कोटी किमी. अपोफिस आपल्या हिल गोलात साधारण तीन दिवस आत येईल आणि तीन दिवस बाहेर जाईल. मात्र वळणाचा नव्वद टक्के भाग केंद्रापासून एक लाख किमीच्या आत घडतो, आणि तेवढं अंतर तो जेमतेम आठ तासांत पार करतो. खरं काम त्या आठ तासांचं.

रेवती२७

धन्यवाद. आता हे संगणकावर करून बघायचंय. पायथॉनमध्ये रिबाउंड (कक्षांचं गणित करणारी आज्ञावली) बसवलंय. समाकलनाची (कक्षा पावलापावलाने पुढे नेण्याची) पद्धत कोणती निवडू? डब्ल्यूएचफास्ट सगळ्यांत वेगवान आहे असं वाचलं.

घनमूळ

डब्ल्यूएचफास्ट इथे अजिबात नको. कारण समजून घ्या, म्हणजे पुढेही उपयोगी पडेल.

ती पद्धत गती दोन तुकड्यांत मोडते: सूर्याभोवतीची केप्लरची कक्षा हा मोठा तुकडा आणि ग्रहांची आपसातली ओढ हा किरकोळ तुकडा. जवळच्या भेटीत तो "किरकोळ" तुकडाच मोठा होतो आणि पद्धतीचा पायाच खचतो. त्यात तिची पावलं ठरावीक असतात. एक दिवसाचं पाऊल घेतलंत तर अपोफिस एका पावलात पाच लाख किमी जातो. म्हणजे पृथ्वीला न शिवता पलीकडे उडी. उत्तर येईल, आलेखही गुळगुळीत दिसेल, आणि कक्षेत काहीही बदल झालेला नसेल. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही.

पावलाचा अंदाज असा घ्या: सर्वांत कमी अंतर ÷ तिथला वेग = ३८,०१२ ÷ ७.४२ = ५,१२३ सेकंद, म्हणजे सुमारे ८५ मिनिटं. पाऊल याच्या बरंच खाली हवं.

रिबाउंडमधलीच आयएएस१५ ही पद्धत वापरा. ती पाऊल आपोआप लहान-मोठं करते. मूळ अचूकतेची मर्यादा बदलू नका. लाखो वर्षांचं गणित असेल आणि जवळच्या भेटी अधूनमधून होत असतील तर मर्क्युरियस घ्या. ती एरवी लांब पावलं टाकते आणि वस्तू ग्रहाच्या हिल त्रिज्येच्या सुमारे तिप्पट आत आली की आयएएस१५ कडे काम सोपवते. या कामासाठी तिची गरज नाही.

पायऱ्या:

१. नासाच्या जेपीएल संस्थेच्या होरायझन्स या ऑनलाइन सेवेतून "व्हेक्टर टेबल" (स्थिती-वेगाचा तक्ता) घ्या. मूळबिंदू सूर्यमालेचं वस्तुमानकेंद्र (५००@०). तारीख १ मार्च २०२९ किंवा त्याआधीची.

२. सूर्य, आठ ग्रह आणि चंद्र घ्या. पृथ्वी ३९९ आणि चंद्र ३०१ असे वेगळे मागवा. नुसता ३ मागवला तर पृथ्वी-चंद्राचं सामाईक केंद्र मिळतं, जे पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४,६७० किमी दूर असतं. ३८,००० च्या भेटीत एवढी चूक म्हणजे गणित संपलंच.

३. सगळ्या वस्तू एकाच क्षणाच्या आणि एकाच संदर्भ प्रतलातल्या असू द्या. काही क्रांतिवृत्ताच्या आणि काही विषुववृत्ताच्या प्रतलात आल्या तर २३.४ अंशांचा घोळ होतो.

४. अपोफिसला वस्तुमान शून्य द्या.

५. एकके जुळवा: खगोलीय एकक, दिवस, सूर्याचं वस्तुमान. गुरुत्व स्थिरांक त्यानुसारच हवा. रिबाउंडचा मूळ स्थिरांक १ असतो. एकके न सांगता दिवसांचे वेग भरले तर सगळेच ग्रह भलतीकडे जातात.

६. समाकलन भेटीनंतर महिनाभरापर्यंत न्या आणि भेटीच्या दोन्ही बाजूंना दहा दिवस दर पाच मिनिटांनी पृथ्वी-अपोफिस अंतर नोंदवा.

दशमान

यात काळाचा मुद्दा राहिला. होरायझन्सचे व्हेक्टर टेबल टीडीबी या (ग्रहगणितासाठीच्या एकसमान) काळात असतात, घड्याळाच्या यूटीसी काळात नाही. दोघांत सध्या सुमारे ६९.२ सेकंदांचा फरक आहे. क्षुल्लक वाटतो, पण ७.४२ किमी/सेकंदाने तेवढ्यात लघुग्रह ५१३ किमी जातो. निरीक्षणाचे तक्ते यूटीमध्ये आणि स्थिती-वेगाचे टीडीबीमध्ये, ही मिसळ कधी करू नका.

आणि तपासणीबद्दल. "ऊर्जेतली त्रुटी १०^−१५ आली" यावर समाधान मानू नका. अपोफिसला वस्तुमानच नाही, तेव्हा त्याची चूक एकूण ऊर्जेत दिसणारच नाही. तीन तपासण्या करा. एक, आत येताना आणि बाहेर जाताना हिल गोलाच्या काठावर पृथ्वीसापेक्ष वेगावरून "व" काढा, दोन्ही ५.८४ च्या अगदी जवळ हवेत. दोन, भेटीनंतर महिन्याभराने समाकलन उलटं फिरवा; सुरुवातीची जागा परत मिळाली पाहिजे. तीन, वळणाचा कोन अपास्तभाऊंनी वर काढलेल्या २७ अंशांशी जुळवा.

अजून एक. भेटीच्या दिवशीचे सूर्यसापेक्ष कक्षा-घटक (अर्धदीर्घ अक्ष, उत्केंद्रता) आलेखात वेडेवाकडे उसळतात. ते खरे नसतात. त्या तासांत मार्ग सूर्याभोवतीच्या लंबवर्तुळाचा नसतोच, म्हणून ते घटक तेवढ्यापुरते निरर्थक होतात. आधीचे आणि नंतरचे घटक पाहायचे तर दोन्हीकडे आठवडाभर सोडून पाहा.

सांजतारा

एवढी अचूकता कशासाठी लागते? ३८,००० किमीमध्ये ५ किमी इकडे की तिकडे, काय बिघडतं?

अपास्त

या धाग्यातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न हाच आहे. हातानेच करून पाहू.

समजा "अ" मध्ये १ किमीचा फरक पडला. उत्केंद्रता व² ÷ म्यू इतकी, म्हणजे ०.००००८५६ ने बदलते. त्यावरून वळणाचा कोन सुमारे ०.०००००९७, म्हणजे ९.७ × १०^−६ रेडियनने बदलतो (शून्यं मोजताना इथे घसरायला होतं, म्हणून घातांकातच लिहा). त्याला ५.८४ ने गुणलं की वेगातला फरक मिळतो: सेकंदाला सुमारे ५.७ सेंटीमीटर.

पाच-सहा सेंटीमीटर! पण हा वेग जवळजवळ पूर्णपणे चालीच्या दिशेने पडतो, म्हणून आवर्तकाल बदलतो. आवर्तकालातला सापेक्ष बदल = ३ × अर्धदीर्घ अक्ष × वेग × वेगातला फरक ÷ सूर्याचा म्यू. आकडे घातले (१६.५ कोटी किमी, ३१ किमी/सेकंद, १.३२७ × १०^११) की ६.६ × १०^−६ येतो. ४२२ दिवसांना गुणलं की दर फेरीला सुमारे ४ मिनिटं.

सहा फेऱ्यांत २४ मिनिटं. पृथ्वी सेकंदाला ३० किमी जाते. २४ मिनिटांत ती सुमारे ४३,००० किमी पुढे.

म्हणजे २०२९ मधल्या एका किमीचे सहा फेऱ्यांनंतर त्रेचाळीस हजार किमी होतात.

आता सहाच फेऱ्या का, ते पाहा. अपोफिसचा नवा आवर्तकाल नेमका ७/६ वर्षं, म्हणजे ४२६.१ दिवस झाला, तर त्याच्या ६ फेऱ्यांत पृथ्वीच्या ७ होतील आणि १३ एप्रिल २०३६ ला दोघे त्याच चौकात पुन्हा भेटतील. २०२९ मध्ये असा आवर्तकाल देणारी जी चिंचोळी जागा आहे तिला कीहोल म्हणतात. ती किती रुंद? पृथ्वीचं लक्ष्य तिच्या त्रिज्येहून मोठं असतं, कारण ती वस्तूला स्वतःकडे वाकवते: ६,३७८ × वर्गमूळ(१ + मुक्तिवेग² ÷ व²) = ६,३७८ × वर्गमूळ(१ + १२५ ÷ ३४.१) = सुमारे १३,८०० किमी. व्यास २७,६०० किमी. त्याला ४३,००० ने भागा: ०.६४ किमी. शास्त्रज्ञांनी २०३६ च्या कीहोलची रुंदी सुमारे ६०० मीटर दिली होती. आपलं हातचं गणित तिथेच पोचतं.

तेव्हा ५ किमीने काय बिघडतं? ५ किमीत अशी आठ कीहोलं मावतात.

कक्षाधर

अपास्त, हे उत्तर धाग्याच्या सुरुवातीला जोडा. कीहोलबद्दल एवढ्या थोडक्यात आणि आकड्यांनिशी मराठीत असायलाच हवं होतं.

थोडी भर घालतो. अपोफिसचा शोध १९ जून २००४ ला अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरून लागला. डिसेंबर २००४ मध्ये २०२९ च्या धडकेची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली. टोरिनो मापावर (धडकेचा धोका सांगणारं ० ते १० चं माप) ४ पर्यंत गेलेली ही एकमेव वस्तू. मग मार्च २००४ च्या जुन्या प्रतिमांमध्ये तो सापडला आणि शक्यता शून्य झाली. तीन महिने आधीच्या नोंदींनी एवढं काम केलं, कारण कक्षेचा कंस लांबला. २०३६ ची शक्यता २०१३ मध्ये निकाली निघाली. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या गोल्डस्टोनच्या ७० मीटर तबकडीने रडार लहरी पाठवल्या, ग्रीन बँक रेडिओ दुर्बिणीने परत आलेल्या पकडल्या. सुमारे १.७ कोटी किमीवरच्या वस्तूचं अंतर दीडशे मीटरच्या आत मिळालं. त्यानंतर निदान शंभर वर्षं धडकेचा धोका नाही असं जाहीर झालं.

संगणकावर हे सगळं पकडायचं तर निव्वळ गुरुत्वाकर्षण पुरत नाही. यार्कोव्स्की परिणाम हवा: ऊन खाल्लेली बाजू वळून थंड होताना उष्णता बाहेर टाकते आणि बारीकसा धक्का देते. त्यामुळे अपोफिसचा अर्धदीर्घ अक्ष वर्षाला दीडशे ते दोनशे मीटरने घटतो. आकडा छोटा आहे, पण चालीच्या दिशेतली चूक काळाच्या वर्गाने वाढते. सापेक्षतावादाची दुरुस्ती आणि मोठे लघुग्रहही घालावे लागतात. रिबाउंडसोबत चालणारं असिस्ट हे जोडसाधन यातलं बरंचसं करतं.

रेवती२७

गुरूच्या बाबतीतही हेच सूत्र चालतं का? तिथे तर भेटी रोजच्या म्हणायच्या.

कक्षाधर

सूत्र तेच, मोजमाप निराळं. गुरूचा मुक्तिवेग ५९.५ किमी/सेकंद. ५ किमी/सेकंदाने येणाऱ्या धूमकेतूसाठी त्याचं लक्ष्य त्रिज्येच्या बारापट होतं.

लेक्सेलचा धूमकेतू हे माझ्या मते या विषयातलं सगळ्यांत सुंदर उदाहरण. मेसियेने तो १४ जून १७७० ला शोधला. १ जुलैला तो पृथ्वीपासून सुमारे ०.०१५ खगोलीय एककावरून, म्हणजे साडेबावीस लाख किमीवरून गेला. लेक्सेलने आवर्तकाल काढला: ५.५८ वर्षं. मग आधी कोणाला कसा दिसला नाही? कारण १७६७ मध्ये गुरूने त्याला आत ओढलं होतं. आणि १७७९ मध्ये गुरूनेच परत बाहेर भिरकावलं. त्यानंतर तो दिसलाच नाही. लाप्लासने यातून आणखी एक गोष्ट काढली: एवढ्या जवळून जाऊनही पृथ्वीच्या वर्षाच्या लांबीत काही फरक पडला नाही, तेव्हा धूमकेतूचं वस्तुमान पृथ्वीच्या पाच हजाराव्या भागाहून कमीच असणार.

अशा भेटीनंतर "हा तोच धूमकेतू का?" हे ओळखायला तिसराँचा निकष आहे. टी = (गुरूचा अक्ष ÷ धूमकेतूचा अक्ष) + २ × कोसाइन(कल) × वर्गमूळ[(धूमकेतूचा अक्ष ÷ गुरूचा अक्ष) × (१ − उत्केंद्रता²)]. भेटीत कक्षा उलटीपालटी होते, टी जवळपास तसाच राहतो.

३९पी/ओटर्मा हा धूमकेतू घ्या. १९३७ आधी उपसूर्य अंतर (सूर्यापासूनचं सर्वांत कमी अंतर) ५.८ एकक, आवर्तकाल १८ वर्षं. गुरूच्या भेटीनंतर ३.४ एकक आणि ७.९ वर्षं. १९६३ च्या भेटीनंतर पुन्हा ५.४७ एकक आणि १९ वर्षांच्या वर. कल लहान असल्याने सोडून दिला तर टी अनुक्रमे ३.०३, ३.०४ आणि ३.०१. कक्षा तीन, आकडा एक.

६७पी या धूमकेतूसाठी (अक्ष ३.४६, उत्केंद्रता ०.६४१, कल ७ अंश) टी २.७५ येतो. २ ते ३ म्हणजे गुरूच्या कुटुंबातला. त्याला १९५९ मध्ये गुरूने आत ढकललं, उपसूर्य अंतर २.७ वरून १.३ वर आलं, आणि १९६९ मध्ये तो सापडला. सूर्याच्या जवळ आल्याशिवाय तो उजळलाच नसता.

सांजतारा

गुरूजवळून जाताना शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे झाले, मग अपोफिसचे होतील का?

घनमूळ

नाही. रोश मर्यादा (ज्याच्या आत ग्रहाची ओढ वस्तूचे तुकडे करू शकते ते अंतर) = २.४४ × ग्रहाची त्रिज्या × घनमूळ(ग्रहाची घनता ÷ वस्तूची घनता). पृथ्वीची घनता ५.५ आणि अपोफिसची २ धरली तर सुमारे २१,८०० किमी येते. तो ३८,००० वर आहे. शिवाय हे सूत्र द्रवासाठी आहे. दगडगोट्यांच्या ढिगात घर्षण असतं, तो त्याहून आत जाऊनही टिकू शकतो.

शूमेकर-लेव्ही ९ जुलै १९९२ मध्ये गुरूच्या केंद्रापासून सुमारे १.३ त्रिज्यांवरून गेला. गुरूची घनता १.३३ आणि धूमकेतूची ०.५ धरली तर मर्यादा ३.४ त्रिज्यांच्या आसपास. तो खोल आत होता. २४ मार्च १९९३ ला सापडला तेव्हाच मण्यांच्या माळेसारखा दिसत होता, आणि १६ ते २२ जुलै १९९४ दरम्यान तुकडे सेकंदाला ६० किमीने गुरूवर आदळले.

अपोफिस तुटणार नाही, पण त्याच्या फिरण्यात फरक पडेल. तो एका अक्षावर स्थिर फिरत नाही, डोलत-गडगडत फिरतो. पृथ्वीची ओढ जवळच्या टोकाला जास्त, लांबच्या टोकाला कमी. त्यातून पीळ पडेल आणि फिरण्याचा वेग बदलेल. किती, ते भेटीच्या क्षणी त्याचं लांबट टोक कुठे वळलेलं आहे यावर ठरेल. बेन्नू या लघुग्रहाहून नमुने आणणारं यान आता ऑसायरिस-एपेक्स नावाने भेटीनंतर त्याच्याकडे पोचणार आहे.

दशमान

ज्यांना स्वतः गणित करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी एक उदाहरण. १६ ऑगस्ट २०२० ला २०२० क्यूजी हा ३ ते ६ मीटरचा लघुग्रह दक्षिण हिंदी महासागरावर पृष्ठभागापासून २,९५० किमीवरून गेला, वेग १२.३ किमी/सेकंद. झ्विकी दुर्बिणीच्या प्रतिमांमधून तो ओळखला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी, आणि तोही जवळून निघून गेल्यानंतर काही तासांनी. इथे १२.३ हा सर्वांत जवळचा वेग आहे, दूरचा नाही. वळण काढा.

रेवती२७

केंद्रापासूनचं अंतर ६,३७८ + २,९५० = ९,३२८.
१२.३² = १५१.३. त्यातून २ × म्यू ÷ ९,३२८ = ८५.५ वजा. व² = ६५.८, व = ८.१.
उत्केंद्रता = १ + ९,३२८ × ६५.८ ÷ ३,९८,६०० = २.५४.
१ ÷ २.५४ = ०.३९४, अर्धा कोन २३.२, पूर्ण ४६ अंश.

दशमान

बरोबर. जेपीएलने "सुमारे ४५ अंश" म्हटलं होतं.

सांजतारा

शेवटचं. २०२९ ला महाराष्ट्रातून काय दिसेल? छायाचित्र घ्यायचं तर काय तयारी लागेल?

घनमूळ

सर्वांत जवळ असेल तेव्हा तो अटलांटिकवर असेल, म्हणून तो क्षण युरोप-आफ्रिकेचा. आपल्या कामाचे तास १३ तारखेच्या रात्रीचे. तेज जास्तीत जास्त ३.१ प्रतीपर्यंत जाणार आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितकं तेज कमी). सर्वांत जवळ येण्याच्या सुमारे चार तास आधी, म्हणजे आपल्या सव्वाअकराच्या सुमाराला, अंतर एक लाख किमी असेल. निव्वळ अंतराच्या हिशोबाने तेज दोन प्रतींनी कमी, म्हणजे ५ च्या आसपास (कलेमुळे थोडा फरक पडेल). शहरातून द्विनेत्री हवीच. अमावास्येच्या आसपासचा दिवस असल्याने चंद्रप्रकाशाचा त्रास नाही.

तेव्हा तो सेकंदाला सुमारे ६ कोनीय सेकंद सरकेल. ३० सेकंदांच्या उघडीपीत (exposure) ३ कोनीय मिनिटांची रेघ उमटेल. ठिपका हवा असेल तर उघडीप सेकंदभरावर आणा आणि अनेक प्रतिमा एकावर एक रचा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: छापील भूकेंद्री स्थानांवर विसंबू नका. पृथ्वीची त्रिज्या ÷ अंतर = ६,३७८ ÷ ३८,०१२, म्हणजे पराशय (पाहणाऱ्याच्या जागेमुळे दिसणाऱ्या स्थानात पडणारा फरक) जवळजवळ १० अंशांपर्यंत जातो; एक लाख किमीवरसुद्धा साडेतीन अंशांहून जास्त. दुर्बिणीच्या नजरेच्या कितीतरी बाहेर. होरायझन्समध्ये "ऑब्झर्व्हर टेबल" निवडा, लक्ष्य ९९९४२, निरीक्षणस्थळी आपले अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची भरा, पायरी ५ मिनिटं ठेवा. तक्ता यूटीमध्ये येईल, त्यात साडेपाच तास मिळवा. आणि तो तक्ता आज काढून ठेवू नका, एप्रिल २०२९ च्या पहिल्या आठवड्यात नव्याने काढा.